वीज गेल्यावर दार कसे राहील? सातारा-सांगलीतील इलेक्ट्रॉनिक प्रवेशयंत्रांचा आढावा

साताऱ्याच्या एमआयडीसीतला कारखाना, कुपवाडची फौंड्री, मिरजेतल्या रुग्णालयाचे औषधभांडार, कराडमधली पतसंस्था, पाचगणीचे वसतिगृह, तासगावकडचे बेदाण्याचे कोल्ड स्टोरेज. या सगळ्या ठिकाणी दाराशेजारी भिंतीवर एक लहानसे यंत्र दिसू लागले आहे. कोणी त्याला थम मशीन म्हणते, कोणी फेस मशीन, कोणी नुसतेच पंचिंग. अंगठा ठेवला, कार्ड दाखवले किंवा चेहरा समोर धरला की दार सुटते. किल्ल्यांचे जुडगे सांभाळण्याची कटकट संपली, पण तिच्या जागी नव्या तक्रारी आल्या. अंगठा लागत नाही. यंत्र ‘ओके’ म्हणते, पण दार हलत नाही. लाईट गेली की दार सताड उघडे पडते. मॅग्नेट धरतच नाही. यंत्र मधूनच बंद पडून पुन्हा चालू होते.

या सगळ्याचे खापर यंत्रावर फुटते, आणि दोन वर्षांत दुसरे यंत्र घेतले जाते. या लेखात मांडायचे आहे ते असे की दोष बहुधा यंत्राबाहेर असतो: दारात, वायरीत, विजेत आणि मुख्य म्हणजे एका न घेतलेल्या निर्णयात. वीज गेल्यावर हे दार उघडे राहावे की बंद, आणि त्या वेळी आत माणूस असेल तर तो बाहेर कसा येईल, हे कोटेशन मागवण्याआधी ठरायला हवे. आपल्याकडे ते बहुतेक वेळा यंत्र बसल्यावर, पहिल्या गैरसोयीनंतर सुचते.

हजेरीतून दाराकडे

अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला. त्यानंतर शंभर वर्षे महाराष्ट्रातील बहुतेक दारांचा कारभार किल्लीवरच चालला. किल्ली कोणाच्या हातात आहे हे कुलपाला कळत नाही. इलेक्ट्रॉनिक यंत्र मात्र माणूस ओळखते, वेळ नोंदवते आणि नोकरी सोडून गेलेल्याचा प्रवेश एका नोंदीत बंद करते.

आपल्या भागात ही यंत्रे आली ती हजेरीसाठी. केंद्र सरकारच्या कार्यालयांत २०१४ पासून आधारवर आधारित हजेरी सुरू झाली. २०२० मध्ये करोनामुळे बोट टेकवणे थांबले आणि चेहरा ओळखणाऱ्या यंत्रांना मागणी वाढली. वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापकांची हजेरी २०२५ पासून चेहऱ्यावरून होऊ लागली. त्याच वर्षी मंत्रालयाच्या दारातही चेहरा ओळखून प्रवेश देण्याची व्यवस्था आली.

हजेरीच्या यंत्रात बहुधा एक रिले, म्हणजे यंत्राच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच, असतोच. ‘मशीन आहेच, त्यालाच दार जोडून द्या,’ असे मालक म्हणतो आणि वायरमन जोडून देतो. पहिली चूक इथे होते. हजेरीचे यंत्र चुकले तर पगारात दुरुस्ती करता येते. दाराचे यंत्र चुकले तर माणूस बाहेर तरी अडकतो, नाहीतर आत. शिवाय रिले असलेले संपूर्ण यंत्रच दाराबाहेरच्या भिंतीवर लावले, तर ते चार स्क्रू काढून उपटता येते आणि मागच्या वायरींशी खेळून दार सोडवता येते. म्हणून साध्या केबिनला एकसंध यंत्र चालेल, पण रोकड, औषधे किंवा महत्त्वाचे दप्तर असलेल्या खोलीला बाहेर फक्त कार्ड किंवा बोट वाचणारा रीडर हवा. दार सोडायचे की नाही हे ठरवणारा कंट्रोलर, वीजपुरवठा आणि कुलपाकडे जाणाऱ्या वायरी आतल्या बाजूला, पेटीत बंद असाव्यात.

सुटणारे कुलूप, धरून राहणारे कुलूप

इलेक्ट्रॉनिक कुलपांच्या मुख्य जाती दोन. पहिल्या जातीचे कुलूप वीज असेपर्यंत धरते आणि वीज गेली की सुटते. आपल्याकडे सर्रास दिसणारे ईएम लॉक, म्हणजे चुंबकी कुलूप, या जातीचे. सहाशे पौंडी मॅग्नेट सुमारे २७० किलोचा ओढा सहन करते आणि १२ व्होल्टवर साधारण अर्धा अँपिअर प्रवाह सतत घेते. दुसऱ्या जातीचे कुलूप वीज गेल्यावरही बंदच राहते आणि उघडण्यापुरता प्रवाह घेते. चौकटीत बसणारे बरेचसे इलेक्ट्रिक स्ट्राइक असे असतात. ड्रॉप बोल्ट मात्र दोन्ही प्रकारांत मिळतो, म्हणून तो घेताना प्रकार विचारून घ्यावा.

पहिली जात माणसासाठी सुरक्षित, दुसरी मालासाठी. जिथून माणसे बाहेर पडणार, त्या वाटेवर पहिलीच जात हवी: वसतिगृह, वॉर्ड, कार्यालय, कारखान्याचा हॉल. तिजोरीच्या खोलीला किंवा सर्व्हर रूमला दुसरी जात चालते, पण आतून हँडल दाबताच, विजेची वाट न पाहता, दार उघडले पाहिजे. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीतही हेच तत्त्व आहे. बाहेर पडण्याचे दार आतल्या माणसाला किल्लीशिवाय उघडता आले पाहिजे. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी लागलेल्या आगीत ५९ जणांचा जीव गेला. बाहेर पडण्याच्या वाटा अडलेल्या होत्या आणि धूर कोंडला होता. आग लागली की बंद दारच जीव घेते, मग ते खिळीने बंद असो वा चुंबकाने.

म्हणून बाहेर पडण्याच्या बटनाची जोडणी नीट समजून घ्यावी. रोजचे पुश बटन कंट्रोलरला आज्ञा देते आणि कंट्रोलर दार सोडतो. पण कंट्रोलरच अडकून बसला, तर ते बटन कितीही दाबा, उपयोग नाही. त्यासाठी दाराजवळ काच फोडण्याचे वेगळे आणीबाणीचे बटन हवे. ते मॅग्नेटकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेतच जोडलेले असावे, म्हणजे दाबताक्षणी वीज तुटेल आणि कंट्रोलरला विचारण्याची गरजच उरणार नाही. आगीची सूचना देणारी यंत्रणा असेल तर तिचा रिलेही याच वाटेत यावा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैमध्ये जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्यासाठीच्या तपासणीत पंपाबरोबर ही दारेही तपासली जावीत.

कोल्ड स्टोरेजला जास्त जपावे लागते. बेदाण्याच्या थंड खोलीत आत अडकलेला हमाल तासन्‌तास तग धरू शकत नाही. तिथे आतून ढकलून उघडणारी यांत्रिक खिटी आणि आतून वाजवता येणारी घंटा आधी हवी, इलेक्ट्रॉनिक कुलूप त्यानंतर. रीडर बाहेरच्या कोरड्या भिंतीवर लावावा, कारण थंड आणि गरम हवा जिथे मिळते तिथे काचेवर दव धरते आणि सर्किटमध्ये ओल शिरते.

आधी दार, मग यंत्र

बसवणाऱ्याने पिशवीतून यंत्र काढण्याआधी दार हाताने दहा वेळा उघडून-मिटून पाहावे. बिजागरी खाली बसली आहे का, डोअर क्लोजर दार शेवटपर्यंत ओढतो का, खालून फरशीला घासते का, हे पाहावे. जे दार स्वतःहून नीट मिटत नाही, त्याला जगातले कोणतेही मॅग्नेट नीट धरणार नाही. काचेच्या दाराला यू ब्रॅकेट, आत उघडणाऱ्या दाराला झेड-एल ब्रॅकेट लागतो. ते सोबत नसले की लाकडाचा तुकडा ठोकून जुगाड केला जातो, आणि महिन्याभरात तो निसटतो.

सर्वात जास्त घडणारी चूक मॅग्नेटच्या पट्टीत असते. चौकटीवर मॅग्नेट आणि दारावर लोखंडी पट्टी. पट्टीच्या मागे मधोमध रबरी वॉशर असतो, तो पट्टीला किंचित हलू देण्यासाठी. पट्टी थोडी झुलली तरच ती मॅग्नेटला सपाट चिकटते. ‘ढिली राहिली’ असे समजून वायरमन तो स्क्रू आवळून टाकतो. मग एका कोपऱ्यात कागदाच्या जाडीची फट राहते आणि २७० किलोची पकड हाताच्या एका हिसक्याने सुटते. मग ‘कंपनीने हलका माल दिला’ असे म्हटले जाते. पट्टीवर गंज धरला तर कोरड्या फडक्याने पुसावा. कानस किंवा पॉलिश पेपर लावू नये, कारण त्याने पृष्ठभागाची सपाटी जाते.

वायरीत हरवणारे व्होल्ट

दुसरे दुखणे वायरीचे. समजा कंट्रोलर आणि वीजपुरवठा ऑफिसात आहे आणि मॅग्नेट चाळीस मीटरवरच्या दाराला. हाताशी इंटरनेटची कॅट-सिक्स केबल असते, तिचीच एक जोडी मॅग्नेटला दिली जाते. ही तार बारीक. जाऊन-येऊन ऐंशी मीटर तारेचा विरोध पाच ओमच्या पुढे जातो. मॅग्नेटचा स्वतःचा विरोध सुमारे चोवीस ओम. म्हणजे पुरवठ्यापाशी १२ व्होल्ट असले तरी मॅग्नेटपाशी पोहोचतात जेमतेम पावणेदहा. ठिबकच्या लांब नळीत शेवटच्या झाडाला पाणी कमी मिळते, तोच प्रकार. त्याच ठिकाणी दीड एमएमची तांब्याची वायर घातली, तर मॅग्नेटला साडेअकरा व्होल्ट मिळतात. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल वापरली, तर पावणेदहाही उरत नाहीत.

हे तपासायला मल्टिमीटर पुरे. फक्त माप मॅग्नेटच्या टोकांवर आणि मॅग्नेट चालू असताना घ्यावे. मोकळ्या वायरीवर मीटर लावला तर १२ व्होल्टच दिसतात आणि दोष लपतो.

वीजपुरवठ्यातही काटकसर नडते. यंत्र आणि मॅग्नेट मिळून एक-दीड अँपिअर लागत असताना एक अँपिअरचा ॲडॉप्टर दिला, की दार सुटताना किंवा धरताना व्होल्टेज कोसळते आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. बॅटरीसह पाच अँपिअरचा पुरवठा घ्यावा. ७ अँपिअर-तासाची नवी बॅटरी एका मॅग्नेटला आणि एका यंत्राला पाच-सहा तास नेते. दोन-तीन वर्षांत तिचा दम संपतो, आणि ते वीज गेल्याशिवाय कळत नाही.

आणखी एक लहानशी वस्तू विसरली जाते: डायोड. मॅग्नेटची वीज तुटते तेव्हा त्याच्या वेटोळ्यातून उलटा झटका येतो. तो रिलेचे टोक जाळतो, कधी चिकटवून टाकतो, कधी यंत्र गोठवतो. एक एन ४००७ हा काही रुपयांचा डायोड मॅग्नेटच्या दोन टोकांवर, पांढरी रेघ प्लसकडे ठेवून लावला, की हा त्रास थांबतो. काही मॅग्नेटमध्ये तो आतच असतो, पण माहितीपत्रक पाहून खात्री करावी.

एकाच भागातली चार हवामाने

या दोन जिल्ह्यांत एकच जोडणी सगळीकडे चालत नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. महाबळेश्वर-पाचगणीला पावसाळ्यात लाकडी दारे फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात. जूनमध्ये जुळवलेली पट्टी मार्चमध्ये जुळत नाही. तिथे वर्षातून दोनदा जुळणी तपासावी आणि बाहेरचे यंत्र आयपी ६५ दर्जाचे, वर पत्र्याची झड असलेले घ्यावे.

माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात एप्रिल-मेच्या वळवाच्या विजा हे खरे संकट. एका इमारतीतून दुसरीकडे उघड्यावरून ओढलेली नेटवर्कची तार जवळ पडलेल्या विजेचा दाब सरळ यंत्रात आणते. इमारतींच्या मध्ये फायबर टाकावी, पॅनेलवर सर्ज रोखणारे उपकरण बसवावे, आणि अर्थिंग खरोखर आहे की नुसती हिरवी वायर लोंबकळते आहे, हे मोजून पाहावे. न्यूट्रल सैल झाल्यामुळे दाब वाढून जळलेली यंत्रेही ‘वीज पडली’ या सदरात जमा होतात.

सांगलीत महापुराचा विचार टाळता येत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत चढले, जुलै २०२१ मध्ये ५५ फुटांच्या आसपास. अशा वेळी सुरक्षेसाठी वीज बंद केली जाते आणि पाणी उतरायला दिवस जातात. बॅटरी चालते तासांवर. म्हणजे चुंबकी कुलपाच्या भरवशावर ठेवलेले दुकान किंवा कार्यालय, माणसे स्थलांतरित झाल्यावर, ओस बाजारात उघडे पडते. पूररेषेतल्या जागेला शटर आणि साधे भक्कम कुलूप असायलाच हवे, आणि ते कोणी लावायचे हे आधी ठरलेले हवे. कंट्रोलर आणि बॅटरी वरच्या मजल्यावर न्यावी. मात्र त्यामुळे मॅग्नेटची वायर लांबते, म्हणून ती जाड घ्यावी.

सांगलीच्या मार्केट यार्डाच्या परिसरात हळदीची पूड आणि कुपवाडच्या फौंड्रीत वाळूची धूळ, दोन्ही यंत्राच्या काचेवर थर धरतात. मऊ सुती फडके आणि रोज एकदा पुसण्याची सवय, हा यावरचा उपाय. थिनर वापरू नये.

ज्यांची बोटे झिजली आहेत

अंगठा न लागणे ही तक्रार यंत्राची मानली जाते. प्रत्यक्षात ती कामाची खूण आहे. साचे ओतणारा, वीट थापणारी, ऊस तोडणारा, भांडी घासणारी यांच्या बोटांवरच्या रेघा झिजलेल्या, चिरलेल्या असतात. वयस्कर माणसांची कातडी कोरडी होते. रेशन दुकानाच्या ई-पॉस यंत्रापुढे पुन्हा पुन्हा अंगठा टेकवणाऱ्या आजींना हे पुरते ठाऊक आहे.

नोंदणी करताना थोडा वेळ दिला तर बराच त्रास वाचतो. अंगठ्याऐवजी तर्जनी किंवा मधले बोट घ्यावे, दोन्ही हातांची दोन-दोन बोटे नोंदवावीत आणि बोटाचे टोक न टेकवता भरलेला भाग सपाट ठेवावा. बोट ओले असेल तर पुसावे, कोरडे ठणठणीत असेल तर तळहातावर घासून घ्यावे. यंत्रातली जुळणीची कठोरता सरसकट कमी करू नये. त्याने एकाचा अंगठा दुसऱ्याच्या नावावर लागण्याची शक्यता वाढते. ज्याचे बोट लागतच नाही त्याला निमूटपणे कार्ड द्यावे. यंत्राने बोट नाकारले म्हणून कोणाचा दिवस बुडता कामा नये. चेहऱ्याच्या यंत्राला पाठीमागून येणारा उजेड चालत नाही. पश्चिमेकडे तोंड असलेल्या गेटवर सायंकाळी ते अडखळते, तेव्हा जागा निवडताना दुपारनंतरचे ऊन पाहून घ्यावे.

बिघाड शोधण्याची रीत

यंत्र बंद पडले की लोक आधी सॉफ्टवेअर उघडतात. क्रम उलटा हवा. प्रथम वीज बंद करून दार हाताने तपासा. मग मॅग्नेटवरचे व्होल्ट मोजा. मग कार्ड दाखवून रिलेचा ‘टक’ आवाज ऐका.

टक होते पण दार सुटत नाही, तर रिलेची जोडणी चुकली आहे किंवा त्याची टोके चिकटली आहेत. चुंबकी कुलूप रिलेच्या एनसी (एरवी जोडलेल्या) टोकावर हवे, वीज मिळाल्यावर उघडणारे कुलूप एनओ (एरवी तुटलेल्या) टोकावर. टक होतच नसेल, पण रीडर आवाज देऊन नकार देत असेल, तर त्या माणसाला त्या दाराची किंवा त्या वेळेची परवानगी आहे का ते पाहा. यंत्राचे घड्याळही पाहा. आतला बटनसेल संपला की तारीख मागे जाते आणि वेळेच्या नियमांमुळे सगळ्यांनाच नकार मिळतो. रीडर मुकाच असेल तर त्याची वीज तपासा. कार्ड वाचले जाते पण क्रमांक भलताच येतो, तर डेटाच्या हिरव्या आणि पांढऱ्या वायरींची अदलाबदल झालेली असू शकते.

नेटवर्क शेवटी. बऱ्याच यंत्रांना कारखान्यातूनच १९२.१६८.१.२०१ हा पत्ता दिलेला असतो. दुसरे यंत्र तसेच जोडले की दोन्ही एकमेकांना अडवतात. चांगल्या यंत्रणेत नेटवर्क तुटले तरी दार चालू राहते, कारण नोंदी कंट्रोलरमध्येच असतात. नेट गेल्यावर दार अडत असेल, तर तो जोडणीचा दोष समजावा.

कार्ड, नोंदी आणि विश्वास

१२५ किलोहर्ट्‌झचे जाड पांढरे कार्ड सर्वांत स्वस्त. त्याची नक्कल सहज होते. १३.५६ मेगाहर्ट्‌झच्या कार्डांतही जुन्या मायफेअर क्लासिकची सुरक्षा २००८ मध्येच संशोधकांनी मोडून दाखवली. रीडर ते कंट्रोलर ही २६ बिटांची विगँड पद्धत सोपी, पण उघडी आहे. तिच्यात संस्थेसाठी २५६ आणि कार्डासाठी ६५,५३६ एवढेच क्रमांक बसतात. औषधभांडारासारख्या जागेला नव्या पिढीचे कार्ड आणि ओएसडीपी पद्धतीचा रीडर घ्यावा, त्यात संदेश कुलूपबंद जातो. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि प्रशासक म्हणून निदान दोघांची नोंद असावी.

बोटाचा ठसा चोरीला गेला तर नवे बोट मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. नोंद कशासाठी घेतो ते कामगाराला मराठीत सांगणे, ती इतर कशाला न वापरणे आणि तो सोडून गेल्यावर पुसून टाकणे, एवढी शिस्त लहानात लहान पतसंस्थेलाही पाळता येते.

याच मातीत १९३९ मध्ये औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. मॉरिस फ्रिडमन यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या त्या वसाहतीत जन्मठेपेचे कैदी भिंती आणि बेड्यांशिवाय शेती करत राहू लागले. १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट त्याच प्रयोगातून सुचला. औंध आज सातारा जिल्ह्यात, आटपाडी सांगली जिल्ह्यात. त्या प्रयोगाचा अर्थ कुलपे काढून टाका असा नाही. माणसावर किती पहारा लागतो याचा विचार करूनच पहारा बसवावा, एवढा अर्थ नक्की आहे. औषधभांडाराला यंत्र लावा, पण कामगारांच्या संडासाच्या वाटेवर लावू नका.

काय मागावे

ग्राहकाने बिलाबरोबर आणखी एक कागद मागावा: मराठीत लिहिलेला, पॅनेलच्या आत चिकटवलेला. कोणती वायर कुठून कुठे जाते, कुलूप कोणत्या जातीचे, बॅटरी कधी बसवली, यांत्रिक किल्ली कोणाकडे, हे त्यावर हवे. पासवर्ड त्यावर नको, तो बंद पाकिटात दोन जबाबदार माणसांकडे असावा. आयटीआयच्या वायरमन आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना या जोडणीचा सराव मिळाला, तर पुण्याहून माणूस येईपर्यंत दार दोन दिवस दोरीने बांधून ठेवण्याची वेळ येणार नाही. आणि दर तीन महिन्यांनी एक चाचणी घ्यावी: आत दोन माणसे उभी करून मेन स्विच पाडा, मग बॅटरीचीही वायर काढा. ती दोघे कोणाच्याही मदतीशिवाय बाहेर आली, तरच पुढच्या तीन महिन्यांसाठी रजिस्टरवर सही करावी. न आली, तर दुरुस्ती होईपर्यंत ते दार उघडे ठेवून तिथे पहारेकरी बसवावा.